मोराच्या कंदिलातला तुरा

गॉर्डनवेल,
३ ऑक्टोबर १९९७, शुक्रवार

प्रिय इव्हाना,

खुशाल असशील. आम्हीही बरे. बाबांचा गुडघा कुरकुरतोय, तोंड मात्र शाबूत आहे. रविवारी सलामीचं सॉसेज कापता कापता तुझ्याबद्दल मला म्हणाले, "ती ब्रिस्बेनला पंख्याखाली बसून सांगते, कुठल्या उसाचं लग्न कुठल्याशी लावायचं. आणि तू तीस वर्षं उन्हात मरमर मेलास! आपल्या घराण्याची सरासरी तिनेच वर नेली." म्हटलं, "हो बाबा, अजून दोन चकत्या घ्या."

आंब्यांना यंदा मोहर भरपूर. ऊस-संशोधन केंद्रावरची तोडणी संपत आली. वजनं तुला मिळालीच आहेत.

त्या वजनांबद्दलच लिहायचंय. फोनवर माझी जीभ रेटणार नाही.

पूर्वी मी एकेका रोपापुढे उभा राहायचो. कांडी दाबायची, रस चाखायचा, पान बघायचं, मग निवडायचं. तू आलीस आणि सगळंच बदललं. उसाच्या एका जोडप्याची सगळी पोरं एकत्र तोडा, एकत्र तोला, रोपाकडे बघूसुद्धा नका. गुण द्यायचे ते आईबापांना! तीन वर्षांपूर्वी तुझी आईबापांच्या क्रमवारीची पहिली यादी आली. माझी मोरा एकशे चाळिसावी. अगं, त्या काळ्या कांडीच्या उसाला मी मुलीसारखं वाढवलं होतं. बाजूला तू बारीक अक्षरात लिहिलं होतंस, 'पोरं देखणी, वजनाला हलकी.' त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खरं सांगू? मोराचं दुःख थोडं होतं. जळफळाट होता तो तुझ्यावरचा. कधी चिखलात पाय न घातलेली माझी धाकटी बहीण माझ्या शेतात मला शिकवत होती, आणि सगळे माना डोलवत होते.

सोमवारी तू फोन केलास. "दादा, दोनशे बारा नंबरचं कुटुंब, तुझ्या मोराचं, पहिल्या तिनांत आलंय. माझ्या हिशेबात काही केल्या बसत नाही. आईबापांच्या नावांची चिठ्ठी तर चुकली नाही ना?"

मी म्हटलं, "माझी चिठ्ठी तीस वर्षांत कधी चुकलेली नाही."

 तू म्हणालीस, "तर मग माझंच चुकलं. पुढच्या आठवड्यात गुरुवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगते, दादाच्या डोळ्याला दिसलं ते माझ्या आकड्यांना दिसलं नाही. येत्या हंगामात मोराची वीस लग्नं लावू."

काय सांगू, फोन ठेवून मी चक्क शीळ घातली! बाबांना सांगितलं. त्यांनी अल्बममधून माझा एक जुना फोटो शोधला आणि फ्रिजवर तुझ्या पेपरातल्या फोटोशेजारी लावला. "शाबास, कोर्राडो," म्हणाले. छप्पन्न वर्षांचा झालो, हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

तेव्हापासून चार दिवस मी फ्रिज उघडलेला नाही.

इव्हाना, चिठ्ठी चुकली नव्हती. मी ती खोटी लिहिली होती. तुझी यादी आली त्याच्या पुढच्या जूनमध्ये एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. मोराचा फुललेला तुरा, परके पराग येऊ नयेत म्हणून लावलेल्या कापडी कंदिलात, बादलीतल्या पाण्यात उभा होता. त्याच्यावर ठरलेल्या नराचा तुरा बांधलेला होता. तो मी काढून फेकला आणि दुसराच बांधला. चिठ्ठीवर नाव राहिलं जुन्याचंच. मला एवढंच हवं होतं, की एकदा, एकदाच मोराची पोरं तुझ्या आकड्यांना खोटं पाडतील.

तुझा हिशेब बरोबर आहे. ते वजन बापाचं आहे, मोराचं नाही. येत्या गुरुवारी चूक कबूल करू नकोस. तिची वीस लग्नं लावलीस तर पुढची दहा-बारा वर्षं सगळे हलका ऊस वाढवत बसतील, आणि नाव तुझं खराब होईल. हे पत्र बैठकीत वाचून दाखव. नोकरी गेली तर गेली. फोटो मी काढलाय; बाबांना आज जेवताना सांगणार आहे, त्यांचा तो शब्दही परत करणार आहे.

आता तू विचारशील, खरा बाप कोण? लिहून घे, नोंद पुरी व्हायला हवी. मोराला जिंकवायचं म्हणजे नर चांगलाच हवा होता. शेतात सव्वाशे तुरे फुललेले, तीस वर्षांची माझी नजर, पण त्या दुपारी मी कुणाकडेच बघितलं नाही. खिशातून तुझी यादी काढली आणि पहिल्या नंबरचा तुरा कापला.

तुझ्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा पहिला माणूस,
दादा