निळ्या झाकणाची बाटली

९ तारीख, सोमवार

इथे प्रत्येकीला एक वही देतात. माझ्याकडे दोन आहेत. दुसरी मी मास्तरीणबाईंच्या कपाटातून ढापली. माझ्या खोलीत राहतात त्या. जन्मभर गणित शिकवलं आणि शेवटी झोपेच्या गोळ्यांचा हिशेब चुकला, असं स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात.

पहिली वही समुपदेशक मॅडम रोज वाचतात. तिच्यात मी लिहिते, 'आज बरं वाटलं.' खरं ते इथे. ही वही उशीच्या अभ्र्यात राहील.

बारावा दिवस म्हणे. त्यातले पहिले पाच औषधांच्या गुंगीत गेले, ते मी धरत नाही. मॅडम म्हणतात, धरायचे. तुम्ही धरा!

बहिणीने आणून टाकलं मला. आणून टाकलं, हाच शब्द. "तीन महिने, ताई. माझ्यासाठी." तिच्यासाठी मी काय काय करायचं?

१० तारीख, मंगळवार

काम वाटून दिलं. मला कपड्यांची खोली. साहजिकच आहे. बावीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलेल्या बाईला भाजी चिरायला कोण बसवेल?

खोली बरी आहे. उंच खिडकी, लांब टेबल, त्यावर दुहेरी ब्लँकेट आणि पांढरी चादर. इस्त्री जड आहे, जुनी. मला जडच आवडते. चादरींचा ढीग दुपारपर्यंत संपवला.

हात जरा हलतो. मॅडमनी पाहिलं. मी म्हटलं, "वायर ओढते." त्यांनी वायरीकडे पाहिलं. वायर स्वस्थ पडली होती.

१२ तारीख, गुरुवार

आज गोल करून बसवलं आणि 'नुकसानाची यादी' लिहायला सांगितली. पिण्याने, गोळ्यांनी आपण कुणाचं काय नुकसान केलं, ते एकाखाली एक. मास्तरीणबाईंनी तीन पानं भरली, समास आखून.

माझं पान कोरं.

"काहीच नाही?" मॅडम म्हणाल्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत, आवाज मात्र माझ्या आजीचा.

"नाही. बावीस वर्षांत एक कपडा जाळला नाही मी. वकिलांचे काळे कोट, डॉक्टरांचे पांढरे, लग्नातले रेशमी. एकसुद्धा नाही."

"मी कपड्यांचं नाही विचारत. घरी मुलगी आहे ना तुमच्या?"

"तिच्या शाळेच्या गणवेशाला रोज कडक इस्त्री असते. जाऊन बघा."

मास्तरीणबाई खाली बघून हसल्या. हसू देत.

पण कागदा, तुला सांगते. दुकानात माझ्या टेबलावर फवाऱ्याच्या दोन बाटल्या असतात. पांढऱ्या झाकणाची पाण्याची. निळ्या झाकणाची माझी. दिसायला दोन्ही सारख्या— स्वच्छ, पाण्यासारख्या. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी पाठ वळवायची, तोंडात दोन फवारे, पुढचा शर्ट. इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही! झिंगले नाही, पडले नाही, कुणाला शिवी दिली नाही. बहिणीला सापडल्या त्या घरातल्या रिकाम्या बाटल्या. दुकानातली अजून तिथेच आहे, खळीच्या डब्यामागे, गळ्यापर्यंत भरलेली.

ती तिथे आहे हे आठवलं की मला इथे झोप लागते.

१५ तारीख, रविवार

रविवारी दहा मिनिटं फोन. लेक बोलली. शाळा सुटली की दुकान तीच उघडते, मावशी सोबतीला बसते. दहावीचं वर्ष आहे पोरीचं.

"आई, कॉलर नाही गं जमत. सुरकुती मध्येच जाऊन बसते."

"टोकाकडून मध्ये यायचं. मधून टोकाकडे नाही. आणि आधी पाणी मारून, घट्ट गुंडाळून तासभर ठेव."

"ठेवते."

पाणी कोणत्या बाटलीतलं? तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. विचारलं म्हणजे सांगितल्यासारखंच. आणि सांगितलं की ती बाटली गेली.

"सगळं ठीक आहे इथे," ती म्हणाली. "तू बरी हो."

बरीच आहे मी!

१६ तारीख, सोमवार

जाळली.

१७ तारीख, मंगळवार

काल लिहवलं नाही. मास्तरीणबाईंचा पांढरा शर्ट. हात कॉलरवर थबकला, थरथरला, आणि इस्त्री जिथल्या तिथे राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो वास आला. तपकिरी टोक उमटलं, होडीच्या नाकासारखं.

मी माफी मागायला गेले तर म्हणतात, "चला! तुझ्या यादीला सुरुवात झाली."

आज मुद्दाम तोच शर्ट घालून गोलात येऊन बसल्या. बाई खट आहेत.

१८ तारीख, बुधवार

अर्ज दिला. आपल्या मर्जीने जाता येतं इथून— लेखी द्यायचं, पाच दिवस थांबायचं, सही करून मोकळं. सोमवारी मी माझ्या दुकानात.

कारणाच्या जागी लिहिलं: 'घरी माझा हात स्थिर होता. इथे येऊन बिघडला.'

मॅडमनी दोनदा वाचलं. "तो कशामुळे स्थिर होता?"

"सरावामुळे."

त्यांनी अर्ज ठेवून घेतला. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ तारीख, गुरुवार

बहिणीला निरोप पाठवला: सोमवारी निघताना घालायला माझा आकाशी शर्ट पाठव.

चार दिवस.

२१ तारीख, शनिवार

दार लावून लिहिते आहे.

पहिल्या महिन्यात भेट नसते, पण पिशवी आत येते. फाटकावरची बाई खिसे चाचपते, शाम्पू हुंगते, साबण मोडून बघते. माझी पिशवी तिने तशीच सोडली. आत नुसता शर्ट, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला, ओलसर. वर लेकीची चिठ्ठी: 'पाणी मारून ठेवलाय. इस्त्री तूच कर. माझी तुला कुठे पसंत पडणार!'

कपड्यांच्या खोलीत नेला. प्लॅस्टिक सोडलं. आणि वास आला.

तोच. निळ्या झाकणाचा.

मी दाराला कडी लावली. बाही तोंडात घातली आणि चोखली. दुसरी बाही. मग कॉलर. पंचेचाळीस वर्षांची बाई, ओल्या शर्टात तोंड खुपसून उभी! छातीत ऊब उतरली, अगदी नेहमीसारखी. खांदे सैल झाले. हात पुढे धरून पाहिला. दगडासारखा स्थिर!

शर्ट इस्त्री केला. टोकाकडून मध्ये. अशी कॉलर महिन्यात झाली नव्हती. मनात म्हटलं, बोलवा त्या मॅडमना, बघू देत. मला एवढंच लागतं. एवढंसंच!

मग शर्ट खुंटीला अडकवला आणि तेव्हा कुठे डोक्यात आलं.

ती बाटली लेकीच्या हातात आहे. तापलेली इस्त्री एका हातात, फवारा दुसऱ्या हातात. वास तिला आला नसेल? आला असेल तर— एकदा तोंडात मारून पाहिला नसेल? मी पाठ वळवायचे तशी आता तिने पाठ वळवली तर? समोर गिऱ्हाईक, मागे खळीचा डबा. माझ्याच जागेवर उभी आहे ती.

उद्या फोन आहे. सांगितलं तर बाटली गेली. मग सोमवारी घरी जाऊन मी काय करू?

नाही सांगितलं तर?

२२ तारीख, रविवार

सांगितलं. ती हॅलो म्हणायच्या आत. "दुकानात निळ्या झाकणाची बाटली आहे. तिच्यात पाणी नाही. आत्ता ओतून ये, मी थांबते."

ती म्हणाली, "आई, ती तू गेलीस त्याच दिवशी ओतली मी. उकळत्या पाण्याने तीनदा धुतली. आता दोन्हींत पाणीच असतं."

"शर्टावर मारलंस ते?"

"पाणीच की. नळाचं."

"तुला माहीत होतं?"

"सातवीपासून."

फोन ठेवला.

मॅडमकडे जाऊन अर्ज परत मागितला. "कारण लिहा," म्हणाल्या. लिहिलं: 'कपडे राहिलेत.' त्यांना हसू आलं, मला नाही. मग त्या वाचतात ती वही काढली आणि यादीच्या कोऱ्या पानावर एकच शब्द लिहिला— 'सातवीपासून'.

आकाशी शर्ट अजून खुंटीवर आहे. कॉलर बघून आले. एक सुरकुती नाही.

नळाच्या पाण्यावर केली ती मी.