रूपजीचा कागद

३ एप्रिल
परसातले फिजोआ, ते हिरव्या पेरूसारखे, पडायला लागले! बादलीभर वेचले आणि चटणीच करून टाकली. मैत्रेयी — माझी नात, सोळाची — शाळेतून आल्या आल्या बोटानं चाटून म्हणाली, "स्वीट ॲज, आजी!" म्हणजे झकास, इथल्या पोरांच्या भाषेत. एवढ्यासाठी तरी माणसानं न्यूझीलंडात, या पापाकुऱ्याला यावं.

तेवढ्यात गावाहून फोन. कोण तर प्रमोदिनी, आमचा गडी रूपजी आणि त्याची बायको सोमी, त्यांची नात. मास्तरीण झालीय म्हणे. पाड्यावरच्या लोकांनी सरकारकडे अर्ज केलाय — आमचे आजे-पणजे वेठीला राबले, त्याची भरपाई वारसांना द्या. मला म्हणते, "आजी, तुमच्या वडिलांनी आमच्या आज्याच्या कर्जाचा कागद केला होता. तो पाहिलेलं आता दुसरं कुणी उरलं नाही. तेवढं लिहून द्या."
सोमी मला जन्मभर ताईसाहेब म्हणाली. ही सरळ आजी!
ठेवून दिला फोन.

४ एप्रिल
राग जात नाही. आम्ही काय गुलाम ठेवले होते? रूपजीच्या लग्नाचा खर्च बाबांनी केला, त्यापायी दोघं आमच्याकडे राबली. मरेपर्यंत राबली, ते खरं. पण जेवण होतं, दिवाळीला लुगडं होतं. घरचीच होती. ओटीवर चढत नसत, पण तशी रीतच होती. ही चटणीसुद्धा सोमीचीच, ती कैरीची करायची, मी फिजोआची करते. एवढी मनात ठेवलीय तिला, आणि वर हे!

धाकट्या भावाला, बाळासाहेबाला, फोन लावला. तो म्हणाला, "कागदबिगद काही नव्हता, ताई. गप्प बस."
गप्पच बसणार आहे.

६ एप्रिल
मैत्रेयीला सांगायला गेले तर ती माझ्यावरच उलटली. मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीत झाडते. अमेरिकेत म्हणे काही राज्यं गुलामांच्या पणतवंडांना भरपाई द्यायचा विचार करताहेत. इथल्या मूळच्या माओरी लोकांची तर सरकारनं माफी मागितली, जमिनी दिल्या, पैसे दिले. म्हटलं, देऊ देत. मी कुणावर चाबूक उगारला? मेलेल्यांचं जिवंतांनी का निस्तरायचं? उद्या माझ्या पोरांच्या दारात येतील!

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सोडून जाऊ शकत होते का, आजी?"
मराठीत विचारलं. कधी नाही ते.
मी बरणी पुसत बसले.

७ एप्रिल
वेचायला गेले नाही. फिजोआ तसेच पडून.

९ एप्रिल
प्रमोदिनीला लिहून दिलं. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण, ओळी तिरक्या गेल्या. मैत्रेयीनं फोटो काढून पाठवला.
कागद होता. मी सहा वर्षांची, बाबांच्या मांडीवर. रूपजीच्या अंगठ्याला शाई मी लावली. हट्ट करून लावली, केवढी हरखले होते!
कागद कोरा होता.