आपल्याच कंपनीचे शेअर

निगडी, १२ मार्च १९८०

शेअरबाजाराचे जाणकार, आमचे साडू नंदकिशोरराव,

गेल्या पाडव्याला आमच्याकडे श्रीखंड ओरपत तुम्ही मला अक्कल शिकवलीत. "सुरेंद्रराव, आपल्याच कंपनीचे शेअर घ्या. आतली बातमी तुम्हाला आधी कळणार." स्वतः मात्र पोस्टात पैसे ठेवता. मी मूर्खासारखे शेअर घेतले.

दिवाळीनंतर कंपनीत संप झाला. गेटवर मूठ आवळून घोषणा द्यायच्या आणि टपरीवर जाऊन गुपचूप पेपरातला भाव बघायचा, असा दीड महिना काढला. भाव पडतच होता. शेवटी सभेत, कामावर परतायचं का, असं विचारलं, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. मग बाकीच्यांचे गेले. शेजारी उभा असलेला मारुतराव माझ्याकडे बघतच राहिला. बारा वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं. मला कामावर घेतलं. त्याला, पुढारीपणा केला म्हणून, गेटवरूनच घालवलं.

वर्षभरात काय शिकलात, असं परवा हसत विचारलंत. मी बुडालो, असंच वाटतंय ना तुम्हाला? नाही बुडालो. संप मिटला त्याच आठवड्यात भाव चढला आणि मी चांगल्या नफ्यात विकून मोकळा झालो.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. वाचून तुम्ही माझं अभिनंदन कराल.

तुमच्या शाळेत पास झालेला,
सुरेंद्र