कमी पावडरची काडतुसं

सोमवार, १३ जानेवारी

सिप्रियन माझी काडतुसं फोडत होता! मी डबा विसरले म्हणून वर्कशॉपमध्ये परत गेले, तर हा बेंचवर वाकून गोळ्या सुट्या करतोय. शनिवारच्या शूटिंगसाठी मी भरलेली काडतुसं! मला बघून दचकला. "असंच, ताई. चेक."

असंच? आमच्या नेमबाजी क्लबमध्ये काडतुसं मी भरते, बंदुका तो दुरुस्त करतो. वसईहून इथे आखातात आला तेव्हा माझ्या शब्दावर त्याला कामावर घेतलं. रोज माझ्या डब्यातली भाजी खातो.

मंगळवार, १४

पोळ्या लाटताना काडतूस भरण्याचं सगळं काम मनात पुन्हा करून पाहिलं. मेंबरांच्या आजोबा-पणजोबांच्या रायफली. त्या नळ्यांना पुरी पावडर झेपत नाही, म्हणून कमी भरायची. पण मनाने कमी नाही — चुकीची पावडर फार उतरवली तर दाब उलट भडकू शकतो. मापांच्या छापील तक्त्यात या कामासाठी दिलेलीच पावडर, तक्त्यातलंच माप. आणि मोठा धोका साधाच असतो. काडतुसाच्या लांबलचक पुंगळीत तळाला एवढीशी पावडर — चुकून दुसऱ्यांदा पडली तरी मावते, सांडत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या एकेका पुंगळीत टॉर्चने बघायचं.

मी बघते. एकही सोडत नाही. त्यालाही मीच शिकवलं!

गुरुवार, १६

मॅनेजर लॉयडने बोलावलं. "ममता, आजसे बुकिंग काउंटर देखो. लोडिंग सिप्रियन करेगा."

का?

"तुम्हारे बॅचमें डबल चार्ज निकला, उसने बोला. किसीका चेहरा उड गया ना, तो क्लब खलास."

सिप्रियनला गाठलं. दुप्पट पावडर? माझ्या पुंगळीत? दाखव.

"ओतून टाकली, ताई."

मला न दाखवता? मला आधी का नाही सांगितलंस?

"तुम्हाला कसं सांगणार..."

मला कसं सांगणार! लॉयडला सांगताना जीभ नाही अडखळली. बेंच मात्र आता त्याचं.

शुक्रवार, १७

डबा एकटीने खाल्ला. परतताना क्लबच्या गाडीत तो पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. आमची वस्ती, डिस्कव्हरी गार्डन्स, येईपर्यंत मागे वळला नाही.

अवनी म्हणाली, "ममा, मे बी यू डिड मेक अ मिस्टेक?" मी खेकसले — आधी आमटी संपव! मग लाज वाटली. पोरीने विचारलं ते मी स्वतःला विचारायला हवं होतं. विचारलं. माप टाकताना हात चुकू शकतो, मान्य. पण म्हणूनच तर बघायचं असतं, आणि मी बघते. दुप्पट असती तर दिसली असती. म्हणजे तो खोटं बोलतोय. दुसरं काय असणार?

रविवार, १९

आमचे जुने मेंबर अबू राशिद आले होते. नेम धरताना गाल लाकडाला घट्ट चिकटवतात. कितीदा सांगितलं, संरक्षक चष्मा लावा — हसतात. आज काउंटरवर मला बघून थबकले. "यू नो मेक?" नाही म्हटलं. काडतुसांची पेटी हातात तोलत राहिले. मग न उघडताच परत केली. "टुमॉरो, इन्शाल्ला. यू मेक."

मला रडूच यायचं बाकी होतं.

मंगळवार, २१

आता पुरे. लॉयडसमोरच म्हटलं — सिप्रियनला ट्रे भरू दे, मुद्दाम दुप्पट पावडर टाकू दे. मी शोधते. नाही सापडली तर राजीनामा. सापडली तर बेंच माझं, आणि याने सगळ्यांसमोर माफी मागायची.

"नको ना, ताई," सिप्रियन म्हणाला. चेहरा पडला होता.

घाबरला!

"यल्ला, चलो," लॉयड म्हणाला. "कल सुबह."

बुधवार, २२

दुप्पट पावडरची पुंगळी सापडली. बाहेर काढून त्याच्यापुढे धरली. माग माफी.

"ताई, दुप्पट दोन पुंगळ्यांत टाकलीय."

ट्रे पुन्हा बघितला. एकेक. पुन्हा. शेवटी त्यानेच एक पुंगळी उचलून वजनकाट्यावर रिकामी केली — दुप्पट. ओतण्याआधी मला आत बघू दिलं होतं, टॉर्च त्याने स्वतः धरला होता.

मला ती बाकीच्यांसारखीच दिसली.