मानकऱ्यांचे फाँट

बडोदे, जानेवारी १९९२

तीर्थस्वरूप दादासाहेब उदयसिंहराव यांच्या चरणी आपले मेहुणे धनाजीराव यांचा मुजरा. देवासच्या थंडीत आपला गुडघा काय म्हणतो? वहिनीसाहेबांचा खोकला उतरला का? इकडे आम्ही खुशाल आहोत. आपल्या धाकट्या भगिनी कुसुमावती रोज आपली आठवण काढतात (विशेषतः माझे काही चुकले की).

कळवण्यास अभिमान वाटतो की मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घेतलेला संगणक आता पुरता माझ्या कह्यात आला आहे. आमच्या पणजोबांच्या हाताखाली सरकारी पागेतले घोडे होते, माझ्या हाताखाली अक्षरांची वळणे आहेत. संगणकवाले त्यांना फाँट म्हणतात. अख्ख्या रावपुऱ्यात इतके फाँट कोणाकडे नाहीत, आणि ते सगळे चि. सौ. कां. संयोगिताच्या लग्नपत्रिकेला लागणार होते. कारण आपण जाणताच. आपल्या नातेवाइकांत कोणाचे नाव दुसऱ्याच्या नावासारखे छापून चालत नाही. श्रीपतरावकाकांना वेलबुट्टीचे अक्षर हवे, लक्ष्मणआजोबांना जाड आणि तिरपे. आपण तर दिवाळीतच बजावले होते की मुलीच्या मामाचे नाव सर्वांत ठसठशीत नसेल तर मामा आमचा उंबरा ओलांडणार नाही. (आपण शब्दाला जागता. पुतण्याच्या लग्नातले आपले पान शेवटपर्यंत रिकामेच राहिले होते.) आणि मामाशिवाय नवरी मांडवात येणार कशी?

आता इतके फाँट एकदम कोंबले की सकाळी सुरू केलेले मशीन दुसरा चहा होईपर्यंत जागे होत नसे. तेव्हा मयंकभाई संगणकवाल्याने एक नवा प्रोग्राम फ्लॉपीवर आजमावायला दिला. त्यात फाँट वेगवेगळ्या पेट्यांत भरून ठेवायचे, लागेल ती पेटी उघडायची, काम झाले की मिटायची. घड्याळ, गणकयंत्र, कोडे असल्या किरकोळ सोयीही तशाच पेट्यांत राहतात. (कोड्याची पेटी कुसुमावतींनी उघडली, ती अजून मिटलेली नाही.) मयंकभाई जाताना बजावून गेला, "काका, बधी पेटी एक साथे ना खोलता!" पण दादासाहेब, मानकऱ्यांना बोलवायचे आणि एकाला दिवाणखान्यात, दुसऱ्याला ओसरीवर बसवायचे, हे आपल्याला शोभते का? मी सगळ्या पेट्या एकदम उघडल्या.

पडद्यावर बॉम्ब आला. खोटे नाही सांगत, गोल, काळा, पेटत्या वातीचा. कुसुमावती संयोगिताला ओढत अंगणात पळाल्या. मी मात्र जागचा हललो नाही (पाय हलत नव्हते, हा तपशील वेगळा). बॉम्ब फुटला नाही. मयंकभाई म्हणतो, मशीनच्या डोक्यात जागा उरली नाही की ते असले चित्र दाखवते. पण ते मला तेव्हा कुठे ठाऊक होते? म्हणजे शौर्य ते शौर्यच.

मग शिस्तीने एकेक पेटी उघडायला शिकलो. त्यात अडचण अशी की काकांची पेटी मिटली की वेलबुट्टी नाहीशी होते आणि त्यांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उरतो. आजोबांना आत घ्यावे तर काकांचा चिवडा, काकांना घ्यावे तर आजोबांचा. छापताना सगळे हजर हवेत, आणि सगळे हजर झाले की बॉम्ब. हे यंत्र आपल्याच भावकीत जन्मले असावे, असा मला दाट संशय आहे. तरीही मी हार मानली नाही. पत्रिका झाली, आणि अशी देखणी पत्रिका बडोद्यात झाली नसेल. माझा ऊर भरून आला आहे.

वहिनीसाहेबांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
धनाजीराव

ता. क. पत्रिकेत सगळी नावे एकाच साध्या फाँटात, एकाच आकारात आहेत. आपलेही. काका आणि आजोबा म्हणतात, उदयसिंहरावांनी मानले तर आमची हरकत नाही. तरी आपला होकार उलट टपाली कळवावा, ही विनंती.

ता. क. २. उलट टपालाची तसदी घेऊ नये. आपला होकार आल्याचे मी दोघांना परवाच सांगून टाकले. पत्रिका छापून झाल्या आहेत. आपली याच पाकिटात आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच संयोगिताने पत्र ओढून वाचले. म्हणाली, "बाबा, मामांना लिहा, रुसायचं तर खुशाल रुसा, पण इथे येऊन रुसा. मला मांडवात तुम्हीच न्यायचं. तुम्ही आला नाहीत तर मी खोलीतून बाहेर येणार नाही." दादासाहेब, हे सांगताना पोरीचे डोळे भरले होते. कोणत्या गाडीने येता तेवढे कळवा, मी स्कूटर घेऊन स्टेशनावर उभा राहतो.