मैदानाला नऊ

४ फेब्रुवारी
चाळीसमोरच्या मैदानाचं काय करायचं, हे आता लॅपटॉप ठरवणार! पार्किंगचा टॉवर की मैदान तसंच — समजवायला सल्लागार कंपनीची पोरगी आली होती. आकांक्षा. पांढरेशुभ्र बूट. घरटी एक फॉर्म. ‘काका, दोन-दोन गोष्टींची तुलना करायची. मैदान की पार्किंग, मैदान की रस्ता. एक ते नऊ गुण द्या.’ पन्नास वर्षं लालबागमध्ये काढली, आणि ही मला शिकवणार! आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ना हळद लागते, ना तिरडी बांधता येते. सगळं मैदानात. त्याला कुठला रकाना?

५ फेब्रुवारी
कांता म्हणते, ‘तुमका कोण इचारता? गप फॉर्म भरा.’ बायको माझी, बाजू त्या पोरीची.

८ फेब्रुवारी
कमिटीची मीटिंग. सेक्रेटरी मी, बोललो मीच. वर्गणी असो, मोर्चा असो, ही चाळ एका तोंडाने बोलते! माझा फॉर्म मोठ्याने वाचला, सगळ्यांनी उतरवून घेतला. मैदानाला नऊ, बाकी सगळ्याला एक. १८२ घरं, १८२ फॉर्म, आकडा न् आकडा सारखा. समोरच्या बिल्डिंगचे फॉर्म फक्त चार. गाडीवाले, त्यांना पार्किंगच हवं. चिलटं!
आमच्याच चाळीतला धम्मपाल मध्येच उठला, ‘भाऊ, प्रत्येकाने आपापलं भरा असं लिहिलंय.’ मास्तरकी! ‘चाळीत फूट पाडू नकोस,’ म्हटलं. बसला खाली.

१९ फेब्रुवारी
काही नाही. गुडघा.

३ मार्च
कच्चा निकाल व्हॉट्सअपवर आला. पार्किंग! हरामखोर साले. सगळं आधीच ठरलेलं, फॉर्म म्हणजे निव्वळ नाटक. दुपारी ती आकांक्षा परत कागदांचा गठ्ठा घेऊन गेटवर हजर! तोंड उघडू दिलं नाही. असं काही बोललो की कांताने कानांवर हात ठेवले. पोरगी गठ्ठा तिथेच टाकून रडत गेली. रडू दे.

४ मार्च
धम्मपालने गठ्ठा उचलून आणला. कोरे फॉर्म. वर चिठ्ठी — ‘काका, अगदी सारखे फॉर्म कॉम्प्युटर एकाच माणसाचे धरतो. तुमच्या चाळीचं एकच मत मोजलंय. साहेबांकडून मुदत वाढवून आणलीय, आज पाचपर्यंत. ज्याने त्याने आपापलं भरा, प्लीज.’
आज म्हणजे काल.
खाली अजून तिलाच शिव्या चालल्यात. मला हाक मारून विचारलं, तर मी ‘बरोबर आहे’ म्हणालो. धम्मपाल शेजारीच उभा होता.