४१ अळ्या उडून गेल्याचा दाखला

प्रति,
मा. पीक संरक्षण अधिकारी,
कीड तपासणी कार्यालय, पहिला मजला.

विषय: माठाच्या भाजीची पाने गुंडाळणाऱ्या ४१ अळ्या उडून गेल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ: सदर अळ्या तीन दिवसांत हजर करण्याविषयीचा आपला मेमो.

महोदय,

सदर अळ्या माझ्या वडिलांनी खाल्ल्या. हे वाक्य आपल्या नजरेस पडलेच नाही असे समजून पुढील मजकूर वाचावा.

१. मी आपल्याकडे परिचर असून गुंडाळलेली पाने उलगडून अळ्या मोजतो. नमुन्यासाठी कार्यालयात डबे नाहीत, म्हणून माझा जेवणाचा डबा वापरतो. शुक्रवारी एका सुरळीत एक याप्रमाणे ४१ सुरळ्या आल्या. फ्रिजमध्ये आपला केक असल्याने "घरी ने, सोमवारी आण," असे आपण तोंडी फर्मावले. मी नेल्या.

२. शनिवारी मी आंघोळीला गेलो असता आईने डबा उघडला. "बघा, याच्या ऑफिसात भाजीच्यासुद्धा सुरळ्या करून देतात. नाहीतर तुमचं ऑफिस," असे ती वडिलांना म्हणाली. आत काळे बारीक दाणे होते. ती अळ्यांची विष्ठा होय. आईला ती मोहरी वाटली, म्हणून फोडणीत तिने वेगळी घातली नाही.

३. वडिलांनी भाजी दोनदा वाढून घेतली. तीस वर्षांच्या संसारात "बरी झालीय" असे ते प्रथमच म्हणाले. आई चक्क लाजली. तेवढ्यात मी डबा शोधत आलो आणि त्यात काय होते असे विचारल्यावरून अळ्यांचा खरा आकडा सांगितला. वडील त्या वेळी दातात अडकलेला धागा ओढत होते. तो रेशमी निघाला. संपता संपेना.

४. तेव्हापासून वडील फक्त केळी खातात, तीही स्वतः सोलून. गुंडाळलेले वर्तमानपत्र चिमट्याने उघडतात. आईने दिलेले पाणी उजेडात धरून पाहतात. आईने स्वयंपाक सोडला आहे. "जन्मात एकदा बरं म्हणालात, तेही अळ्यांना," एवढेच ती बोलते.

५. वडील निवृत्त कारकून आहेत. त्यांचा पोटच्या पोरावर विश्वास नाही, शिक्क्यावर आहे. तरी सदर ४१ अळ्या आईने डबा उघडण्यापूर्वीच पतंग होऊन खिडकीतून रवाना झाल्या, आणि त्या दिवशीची भाजी निव्वळ आईच्या हातामुळे बरी झाली, असा दाखला गोल शिक्क्यानिशी त्वरित द्यावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक व उपाशी,
(सही)
परिचर, नमुना विभाग
मंगळवार, मेमोचा दुसरा दिवस

सोबत:
१. डबा, सात वेळा घासलेला.
२. धागा, पाकिटात.
३. वडिलांचे हस्तलिखित हमीपत्र: "शिक्का गोल असल्यास पुन्हा वाढून घेईन."